पायउतार

सायकलवरून उतरायला मला लाज वाटली, हे आधीच सांगून टाकते. खरं तर बघायला कोण होतं? एका हाताला ओढा, दुसऱ्या हाताला नेच्यांनी भरलेला उतार आणि त्यावर चार मेंढ्या. त्यांतली एक रवंथ करता करता थांबून माझ्याकडे बघत होती. लेक केव्हाच वळणापलीकडे गेली होती. तरी मी हट्टाने आणखी वीस-पंचवीस पायडलं मारली. सायकल जवळजवळ जागच्या जागी उभी राहिली, हँडल डगमगायला लागलं, मग पडण्यापेक्षा बरं म्हणून पाय टेकला.

ही स्कॉटलंडच्या ॲरन बेटावरची बोगिलीची चढण. पूर्व किनाऱ्यावरच्या सॅनॉक्सहून उत्तर टोकाच्या लॉखरँझाला जाताना रस्ता समुद्र सोडून डोंगरात शिरतो आणि साधारण दोनशे मीटर चढून पलीकडे उतरतो. दोनशे मीटर! आमचा वाईचा पसरणी घाट हे ऐकून हसेल. पण पसरणी घाट मी जन्मभर एसटीने चढले, खिडकीला डोकं टेकून. चढ म्हणजे काय हे एसटीच्या इंजिनाला माहीत असतं, आतल्या माणसाला नाही.

महिन्याभरापूर्वीच मी शाळेतून निवृत्त झाले होते. तीस वर्षं भूगोल शिकवला. निरोप समारंभात एक उत्साही तरुण सहकारी भाषणात म्हणाला, ‘‘आज बाई पायउतार होत आहेत.’’ सगळे हसले. पायउतार मंत्री होतात, मुख्यमंत्री होतात. मास्तरीण कशावरून उतरणार? खुर्चीवरून म्हणावं तर वर्गात मी खुर्चीत कधी बसलेच नाही. मीही हसले, श्रीफळ आणि शाल घेऊन घरी आले. तो शब्द मात्र कुसळासारखा कुठेतरी अडकून राहिला असणार, कारण बोगिलीच्या त्या वळणावर पाय टेकताक्षणी तोच आठवला. झाले बाई पायउतार.

लेक ग्लासगोत नोकरी करते. ‘‘आई, आता तुला सुट्टीची सबब नाही,’’ म्हणून तिने तिकीटच पाठवलं. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. ग्लासगोहून आगगाडीने अर्ड्रॉसनच्या बंदरात, तिथून बोटीने ब्रॉडिकला. तासाभराचाही प्रवास नाही. बोटीत सायकलचे पैसे पडत नाहीत. लेकीने तिची सायकल बरोबर घेतली होती, माझी ब्रॉडिकला भाड्याने घ्यायची होती. निघण्याआधी ह्यांचा वाईहून फोन आला. ‘‘बेट म्हणजे केवढं? एलिफंटाएवढं?’’ मी म्हटलं, ‘‘४३२ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी होतील त्याच्या पाऊणपटीला जरा कमी. आणि माणसं साडेचार हजारांच्या आसपास.’’ पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘‘आपल्या वॉर्डात जास्त असतील.’’

ब्रॉडिकच्या दुकानातल्या पोराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नम्रपणे बॅटरीची सायकल पुढे केली. मी तितक्याच नम्रपणे नको म्हटलं. लेकीने डोळे मोठे केले. माझं म्हणणं एवढंच की सायकल म्हणजे पायांनी चालते ती. वाईत लहानपणी तासावर सायकल भाड्याने मिळायची; नळीखालून पाय घालून हाफ पायडल शिकलेली मी, मला बॅटरी कशाला? या बाणेदारपणाची किंमत पुढे दोन तासांतच मोजली.

पहिले सात-आठ मैल मात्र मी महाराणी होते. ब्रॉडिकपासून कॉरीपर्यंत रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो की भरतीच्या वेळी तुषार उडत असतील. उजवीकडे खडकांवर सील माशांची पथारी. सील हा मासा नव्हे, हे तीस वर्षं पोरांना सांगितलं आणि पहिला सील दिसल्यावर मीच ओरडले, ‘‘अगं, तो बघ मासा!’’ डोकं आणि शेपूट वर करून, केळ्यासारखी कमान करून ते पडून असतात. डावीकडे मध्येच वाळवंटात शोभतील अशी ताडासारखी झाडं बागांमधून. इथे मी थांबलेच. ॲरन आणि मॉस्को यांचं अक्षवृत्त जवळजवळ एकच. अटलांटिकचा उष्ण प्रवाह नसता तर इथला हिवाळा आणखी कडक असता. हे वाक्य मी दरवर्षी नववीच्या वर्गात म्हटलंय, नकाशावर लाल बाण काढून. तो लाल बाण शेवटी मला एका म्हातारीच्या अंगणात झाड होऊन भेटला. लेकीला हे सांगायला लागले तर ती म्हणाली, ‘‘आई, फोटो काढू का नुसताच?’’

आणि गॉर्स. रस्त्याच्या कडेला काटेरी झुडपं, पिवळीधमक फुललेली. आपल्याकडच्या बाभळीच्या फुलांचा पिवळा नव्हे, हळदीत अंड्याचा बलक कालवावा तसा. ऊन पडलं की त्यांना वास येतो, आणि तो वास चक्क खोबऱ्याचा असतो. मी आधी लेकीकडेच संशयाने बघितलं, हिने डोक्याला तेल लावलंय की काय. मग सायकल कडेला लावून फुलांत नाक घातलं, काटा टोचला, आणि डोळे मिटले तर समोर सहावी ‘ब’चा वर्ग. जून महिना, पहिला तास, रिबिनी बांधलेल्या बेचाळीस वेण्या आणि बंद खिडक्यांमुळे कोंडलेला खोबरेल तेलाचा वास. मी रिटायर झाले म्हणून त्या वर्गाने माझ्यामागे इथवर यावं, हे जरा जास्तच होतं. तिथे दोनच मिनिटं उभी होते. लेक पुढून हाका मारत होती.

सॅनॉक्सच्या पुढे ती चढण लागते. ती तर मी वर सांगितलीच. सांगायचं राहिलं ते पुढचं. पाय टेकल्यावर मी सायकल हाताने ढकलत चालायला लागले, आणि पाचच मिनिटांत लक्षात आलं की आतापर्यंत मला काहीच ऐकू येत नव्हतं. चढावर आपण आपल्याच छातीचा भाता ऐकत असतो. चालायला लागल्यावर ओढा ऐकू आला. फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू आली. दूर कुठेतरी ककू ओरडत होता, घड्याळातल्यासारखा दोन स्वरांत, स्वच्छ. आणि ग्लेन सॅनॉक्सच्या बाजूला दगडी भिंतींचे चौकोन दिसले, गुडघाभर उंचीचे, छप्पर नसलेले, नेच्यांनी भरलेले. ती घरं होती. १८२९ साली जमीनदाराने इथली कुळं उठवली, मेंढ्यांसाठी मोठी कुरणं करायची म्हणून. बरीच कुटुंबं जहाजाने कॅनडात क्युबेकला गेली. म्हणजे मघाशी माझ्याकडे बघणारी ती मेंढी एका अर्थी कुळाच्या जागी वारसाने आली होती. सायकलवर बसून मी गेले असते तर त्या भिंती मला कुंपणं वाटल्या असत्या.

माथ्यावर लेक गवतात पाय पसरून बसली होती. तिने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला होता. ‘‘उतरलीस ना?’’ तिने विचारलं. म्हटलं, ‘‘हो.’’ ‘‘मीही,’’ ती म्हणाली. ‘‘वळणाच्या पलीकडे. तुला दिसू नये म्हणून जरा जोरात ढकलली.’’ तिचा बाप अगदी असाच आहे.

पलीकडचा उतार लॉखरँझापर्यंत. खाडीच्या मधोमध जिभेसारख्या जागेवर पडका किल्ला, त्याच्यामागे पाणी, गवतावर लाल हरणं मोकळी, कुणाच्या बागेतले ट्यूलिप निवांत खात. गावकरी त्यांना आपल्याकडे भटक्या गाईंना देतात तशा, म्हणजे अर्धवट रागाने आणि अर्धवट कौतुकाने, शिव्या देतात. संध्याकाळी वारा पडला आणि चिलटं आली. आपल्याकडे चिलटं आंब्यावर बसतात. इथली माणसावर बसतात, आणि चावतात. रात्री दहाला आकाशात उजेड होता आणि मी डोक्यावरून ओढणी घेऊन खाजवत बसले होते. निसर्गरम्य वगैरे म्हणणाऱ्यांनी हेही लिहावं.

दुसऱ्या दिवशी सायकली मुक्कामावर ठेवून आम्ही चालत निघालो. खाडीच्या काठाने उत्तरेला न्यूटन पॉइंटच्या पुढे एक जागा आहे, त्यासाठीच मी खरं तर ॲरनला आले होते. लेकीला वाटत होतं मी तिच्यासाठी आले. दोन्ही खरं.

१७८७ साली जेम्स हटन नावाचा एडिंबरोचा माणूस या बेटावर आला होता. शिकला डॉक्टरकी, केली शेती, आणि रमला दगडांत. ग्रॅनाइट हा पाण्याच्या तळाशी साका बसून झालेला नाही, तो खालून तापलेल्या अवस्थेत वर घुसला, याचा पुरावा त्याला हवा होता. तो शोधता शोधता या किनाऱ्यावर त्याला दुसरंच काही दिसलं. खाली शिस्टचे, म्हणजे दाबाने आणि उष्णतेने रूप बदललेल्या खडकाचे थर, एका बाजूला तिरके कललेले. त्यांच्यावर वालुकाश्माचे थर, भलत्याच दिशेने कललेले. म्हणजे खालचे थर आधी तयार झाले, दबले, उभे कलले, झिजले, आणि त्या झिजलेल्या अंगावर कितीतरी काळाने दुसऱ्या थरांनी बस्तान मांडलं. त्या काळी पृथ्वीचं वय सहा हजार वर्षांच्या आसपास आहे असं मानणारे पुष्कळ लोक होते. एवढ्या वर्षांत हे सगळं बसणं शक्य नव्हतं. पुढच्या वर्षी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सिकार पॉइंटला त्याला हीच गोष्ट जास्त ठसठशीत दिसली, आणि ती जागा जगप्रसिद्ध झाली. ॲरनची जागा आधीची, पण जरा अबोल.

किती अबोल, तर आम्ही ती ओलांडून पुढे गेलो. किनाऱ्यावर सगळीकडे दगडच दगड, शेवाळाने निसरडे. लेक फोनमध्ये फोटो धरून एकेक दगड त्याच्याशी ताडून बघत होती, जसं लग्नाला मुलगी बघतात. अर्धा तास गेल्यावर मी खाली बसले, आणि बसल्यावर ते दिसलं. करडा चकचकीत दगड एका बाजूला झुकलेला, त्याच्यावर पिवळट-लालसर खरबरीत दगड दुसऱ्या बाजूला झुकलेला. मी मधल्या सांध्यावर तळहात ठेवला. खालचा पन्नास कोटी वर्षांहून जुना, वरचा साधारण पस्तीस कोटी वर्षांचा. माझ्या तळव्याखाली कमीत कमी पंधरा कोटी वर्षं होती, म्हणजे नव्हती. तेवढ्या काळाचं पानच या वहीतून फाटलेलं आहे. त्या सांध्यात एक छोटी गोगलगाय बसली होती.

मी वाईत वाढले. आमच्याकडे दगड आडवा असतो. पांडवगड बघा, पाचगणीचं पठार बघा: थरावर थर, लाव्हाचे, शिस्तीत रचलेले, वर जांभ्याची टोपी. सह्याद्री म्हणजे एकाच हाताने लिहिलेली वही. त्यामुळे तिरकं, मोडलेलं, मधलीच पानं नसलेलं असं काही असू शकतं हे मी शिकवलं खूप, विश्वास मात्र आज बसला. लेक म्हणाली, ‘‘रडतेस काय आई, दगड आहे तो.’’ मी म्हटलं, ‘‘चिलट गेलं डोळ्यात.’’ चिलटं सकाळी नव्हती, हे तिलाही माहीत होतं.

परत येताना एक फाटक लागलं. पलीकडे कुणाचं तरी कुरण, मेंढ्या. मी सवयीने थबकले. लेक म्हणाली, ‘‘जा की. फाटक मागे लावून घे म्हणजे झालं.’’ २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये जवळजवळ सगळ्या मोकळ्या जमिनीतून जबाबदारीने चालत जायचा, सायकल न्यायचाही हक्क प्रत्येकाला आहे. घराचं अंगण, उभं पीक वगैरे सोडून. ज्या देशात कुळांना उठवून कुरणं केली, तिथे दीड-पावणेदोनशे वर्षांनी वाटसरूला कुरणातून जायचा हक्क मिळाला. कुळांच्या वंशजांना कॅनडात याचं काय वाटत असेल, कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी पश्चिम किनारा. सगळे सांगत होते, हा भाग सपाट आहे. सपाट आहे, खड्ड्यांसकट. आणि वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे थेट तोंडावर. नकाशा वाचणाऱ्या बाईने उलट दिशेने फेरी ठरवली असती तर हाच वारा पाठीवर आला असता, पण फेरी ठरवली लेकीने आणि मी तेव्हा पुऱ्या लाटत होते.

कॅटकॉलला बारा घरांची एक ओळ आहे, पांढरी, एकमेकांना खेटून. त्यांना बारा प्रेषित म्हणतात. एकोणिसाव्या शतकात डोंगरातल्या दरीतून उठवलेल्या लोकांसाठी ही बांधली. प्रत्येक घराच्या वरच्या खिडकीचा आकार वेगळा आहे. सांगतात असं की नवरा होडी घेऊन मासेमारीला गेला की बायको खिडकीत मेणबत्ती लावायची, आणि आकारावरून समुद्रातल्या नवऱ्याला कळायचं हाक आपल्याच घरची आहे. गोष्ट गोड आहे. पण लोक म्हणे आधी त्या घरांत राहायलाच तयार नव्हते, घरं बराच काळ रिकामी होती. ही दुसरी गोष्ट मला जास्त पटली. दरीतल्या माणसाला समुद्राकडे तोंड करून ओळीत बसवलं आणि वर वेगळी खिडकी दिली, म्हणून तो खूश होत नाही.

पर्नमिलच्या पुढे माझं मागचं चाक बसलं. लेकीने पिशवीतून पॅच, सोल्युशन, प्लास्टिकच्या पट्ट्या, पंप असं सगळं काढलं आणि मग फोन काढला, कसं करायचं त्याचा व्हिडिओ बघायला. रेंज नव्हती. ती माझ्याकडे बघायला लागली. आयुष्यातल्या फार थोड्या प्रसंगी मुलं आपल्याकडे असं बघतात, ते वाया घालवू नये. मी बाह्या वर केल्या. आमच्या आळीत सायकलवाल्याकडे घमेलं असायचं, पाण्याने भरलेलं, तळाशी गंजाचा लाल गाळ. टायरची एक कड सोडवायची, ट्यूब बाहेर ओढायची, हवा भरायची आणि पाण्यात बुडवून थोडी थोडी पुढे सरकवत बुडबुडे शोधायचे. घमेलं नव्हतं, पण रस्त्याखालून ओढा समुद्राकडे जात होता. मी दगडावर उकिडवी बसले आणि ट्यूब ओढ्यात धरली. पाणी इतकं थंड की बोटं बधिर. वाहत्या पाण्यात बुडबुडा पळून जातो, ही अडचण घमेल्याला नसते. मग लेकीने दोन दगड लावून पाणी अडवलं, आणि त्या वितभर डबक्यात बारीक बुडबुड्यांची एक माळ वर आली. ‘‘सापडलं!’’ ती ओरडली. कोरडं करून घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर घालत थांबले, पॅच दाबला, दोन दगडांच्या मध्ये धरून ठोकला. टायरच्या आतून बोट फिरवल्यावर गॉर्सचा काटा निघाला. मी वास घ्यायला ज्या झुडपात शिरले होते त्यातलाच असणार, नाही तर त्याच्या भावाचा. समोर पाण्यापलीकडे किंटायरचा लांबलचक द्वीपकल्प निळा पडला होता. हातांना चेनचं काळं तेल. मला कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

माक्री मूरवर जायला सायकली फाटकाशी लावून पाऊण तास माळातून चालावं लागतं. ते वाटेत लागलेल्या मेंढ्यांमुळे की माझ्यामुळे, सांगता येत नाही. माळावर दगडांची वर्तुळं आहेत, चार हजार वर्षांहून जुनी. तीन दगड मात्र एकटे उंच उभे, लाल वालुकाश्माचे, सर्वांत मोठा पाच मीटरच्या आसपास उंच, वारा-पावसाने वरून चिरलेला. एका वर्तुळातल्या दगडाला भोक आहे. फिंगल नावाच्या दंतकथेतल्या वीराने आपला कुत्रा ब्रान त्याला बांधला होता म्हणे. आपल्याकडे भीमाने दगड भिरकावलेला असतो, इथे फिंगल कुत्रं बांधतो. भुरभुर पाऊस आला, आम्ही दगडाच्या आडोशाला उभ्या राहिलो. दगड आडोसा देत नव्हता. तेवढा वेळ दोघी गप्प होतो, आणि तेही बरं होतं.

ब्लॅकवॉटरफुटहून ब्रॉडिकला परत यायला बेटाच्या मधून स्ट्रिंग नावाचा रस्ता आहे. समुद्रातून बघितलं तर डोंगरावर दोरी टाकल्यासारखा दिसतो म्हणून ते नाव. थॉमस टेल्फर्ड या अभियंत्याच्या आराखड्याचा, १८१७ सालचा. बोगिलीहून थोडा जास्तच चढ. पण आता मी आधीच उतरले. पाय लटपटायची वाटसुद्धा पाहिली नाही. चढ दिसला, घंटी वाजवली, उतरले. मागून दोन तरुण सायकलस्वार घट्ट रंगीत कपड्यांत गेले, जाताना ‘शाबास’ अशा अर्थाचं काही म्हणाले. चढ चालत जाणाऱ्या बाईला शाबासकी कशाची, पण मी घेतली. माथ्यावर ढगाच्या फटीतून उजेड आला आणि मागे एक समुद्र, पुढे एक समुद्र, दोन्ही दिसायला लागले. मग ब्रॉडिकपर्यंत पायडल मारावंच लागलं नाही. ब्रेक दाबून दाबून मनगटं भरून आली.

दुकानात सायकल परत दिली तेव्हा त्या पोराने विचारलं, राइड कशी झाली. मला गंमत वाटली. इंग्रजीत माणूस सायकलवर बसून जातो, मराठीत आपण सायकल चालवतो, म्हणजे तिला चालायला लावतो. मी त्याला सांगणार होते की काही चालवली आणि काही नुसतीच बरोबर चालली. भाषांतर जमेना, म्हणून ‘व्हेरी नाइस’ म्हटलं.

शेवटचा दिवस गोटफेलचा. बेटाचा सर्वांत उंच डोंगर, ८७४ मीटर. महाबळेश्वरची नावं सांगणाऱ्यांना हा आकडा लहान वाटेल. पण महाबळेश्वरला आपण वाईपासून चढतो आणि वाई आधीच सातशेच्या वर आहे. गोटफेलची वाट समुद्राच्या काठावरून सुरू होते, म्हणजे पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत सगळा आकडा आपल्याच पायांनी भरायचा. ‘समुद्रसपाटीपासून’ हा शब्द मी जितक्या वेळा उच्चारला तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा उच्चारलं नसेल. ब्रिटनमध्ये ही सपाटी कॉर्नवॉलमधल्या न्यूलिन बंदरातल्या १९१५ ते १९२१ या वर्षांतल्या पाण्याच्या सरासरीवरून ठरवली आहे, हेही मला ठाऊक होतं. तरी लेकीला म्हटलं, थांब. वाटेला लागण्याआधी वाळूवर उतरले, आणि उजव्या बुटाचं टोक पाण्यात बुडवलं. शून्य मीटर.

चालण्यात मात्र मी तिला मागे टाकलं. खाली रोडोडेंड्रॉनची जांभळी गर्दी, मग पाइन, मग मोकळा माळ, मग दगड. वरचा ग्रॅनाइट साधारण सहा कोटी वर्षांचा. सह्याद्रीचा काळा पाषाण त्याच्याहून थोडाच मोठा, साडेसहा कोटींच्या आसपासचा. अटलांटिक उघडत होता तेव्हा हा आत थिजला. आमचा बाहेर वाहिला. मी त्या दगडाला हात लावत लावत चढले, चुलत भावंडाच्या पाठीवरून फिरवावा तसा. तो बेसॉल्टपेक्षा खरखरीत असतो, तळवे सोलून निघतात. शेवटचा टप्पा सगळा शिळांचा, हात टेकत जायचा.

शिखरावर काय दिसतं हे कोरलेली एक तबकडी आहे. कुठल्या दिशेला कुठला डोंगर, किती दूर. तबकडी स्पष्ट दिसत होती. बाकी सगळं ढगात होतं. आम्ही तबकडीशेजारी बसून शेवटच्या चार पुऱ्या खाल्ल्या, बोटाने एकेक नाव वाचलं आणि त्या त्या दिशेला मान वळवून पांढऱ्या ढगाकडे बघितलं.

चढताना जेवढा वेळ लागला त्याहून जास्त उतरताना लागला. चढावर दमायला होतं, उतारावर गुडघे बोलतात. माझा डावा गुडघा प्रत्येक पायरीवर एक वाक्य बोलत होता. लेक आता पुढे चालत मला हात देत होती, आणि मी घेत होते. साडेसहाशे मीटरच्या आसपास आम्ही ढगाच्या खाली आलो आणि ब्रॉडिकचा उपसागर एकदम उघडला. आमची बोट अजून मध्यावर होती, पांढरी, खेळण्याएवढी. ती गाठायची होती, घाई करायला हवी होती. गुडघ्याने घाई नाकारली.

खाली पोहोचलो तेव्हा सहा तास झाले होते. मी परत वाळूवर उतरले, बूट पाण्याला टेकवून हिशेब पुरा करायला. सकाळी जिथे उभी होते तिथे बुटाचा ठसा नव्हता, पाणीही नव्हतं. ओली वाळू, दोऱ्यांसारखं शेवाळ, एक उपडा खेकडा. भरती-ओहोटी तीस वर्षं शिकवली, फळ्यावर चंद्रासकट. ‘‘आई, बोट लागली,’’ लेक रस्त्यावरून ओरडत होती. समुद्र तिथून अजून वीस-पंचवीस पावलं खाली गेला होता. मी लंगडत त्याच्यामागे निघाले.